यंग मार्बल जायंट्स: कार्डिफच्या एका बँडची दोन-अडीच वर्षं

बँड फुटण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. मॅनेजर पैसे खातो, कंपनी करारात जखडून ठेवते, कुणीतरी नशेच्या नादी लागतं, नाहीतर रेकॉर्ड दुकानात पडून राहते आणि घरभाड्याचे वांधे होतात. वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या यंग मार्बल जायंट्स या तिघांच्या बँडला यातलं काहीही आडवं आलं नाही. त्यांचा पहिला अल्बम ‘कलॉसल यूथ’ फेब्रुवारी १९८० मध्ये आला. समीक्षकांनी तो उचलून धरला. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या रेकॉर्डसाठी वेगळा इंडी चार्ट सुरू झाला होता, त्यात तो वरच्या भागात पोचला. कंपनी सचोटीची होती. बीबीसीवर जॉन पीलसारखा नवे बँड हेरणारा रेडिओ निवेदक त्यांची गाणी वाजवत होता. वर्ष संपायच्या आत अमेरिकेचा दौराही झाला. आणि १९८१ चं वर्ष लागतंय न लागतंय तोवर बँड संपलेला होता. दुसरा अल्बम आलाच नाही, आजवर आलेला नाही.

बाहेरून कुणीही पाय ओढला नसताना, सगळं जुळून येत असताना बँड का संपतो, हे समजून घ्यायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. या बँडचं संगीत कमीत कमी वाजवण्यावर उभं होतं, आणि काय वाजवायचं, काय नाही, हे जवळजवळ सगळं एका माणसाने ठरवलेलं होतं. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. त्या एकत्र होत्या म्हणून तो अल्बम तसा झाला, आणि त्या एकत्र होत्या म्हणूनच दुसऱ्याची वेळ आली नाही.

शहर आणि माणसं

कार्डिफ हे कोळशाने मोठं केलेलं बंदर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांतला कोळसा इथून जगभर जायचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्या वैभवाची नुसती इमारतींवरची कोरीव कामं उरली होती. १९७८ मध्ये शहरातला ईस्ट मूर्सचा पोलाद कारखाना बंद पडला आणि हजारो लोक एकदम बेकार झाले. १ मार्च १९७९ ला वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का, यावर मतदान झालं, तेव्हा लोकांनी चारास एक अशा प्रमाणात ‘नको’ म्हणून सांगितलं. दोनच महिन्यांनी थॅचरबाई सत्तेवर आल्या. शहरात बँड होते, पबमध्ये दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवून चार पैसे मिळत होते, पण रेकॉर्ड कंपन्या, संगीताची साप्ताहिकं, रेडिओचे निर्माते, सगळं लंडनला. लंडन रेल्वेने दोन तासांवर असलं तरी कार्डिफच्या पोरांसाठी ते अंतर फार मोठं होतं.

स्टुअर्ट मॉक्सम आणि त्याचा भाऊ फिलिप हे ट्रू व्हील नावाच्या अशाच एका कव्हर बँडमध्ये होते. अ‍ॅलिसन स्टॅटन तिथेच गायची. स्टुअर्टला स्वतःची गाणी करायची होती. कार्डिफमधून कुणाच्या कानावर पडायचं तर इतरांपेक्षा थोडं बरं वाजवून भागणार नाही, इतरांसारखं न वाजणारंच काहीतरी करावं लागेल, हा त्याचा हिशेब. १९७७ नंतर पंकच्या लाटेत प्रत्येक गल्लीत तीन कॉर्ड आणि एक मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन पोरं ओरडत होती. तेव्हा उलट्या दिशेला जायचं ठरलं: हळू, छोटं, कोरडं.

स्टुअर्टच्या मनात गायक म्हणून तो स्वतःच होता. फिलिपने मात्र अट घातली, अ‍ॅलिसन असेल तरच मी येतो. फिलिप आणि अ‍ॅलिसन तेव्हा एकमेकांच्या प्रेमात होते. स्टुअर्टने अट मान्य केली, कारण भावाच्या बेसशिवाय त्याचं गाणं उभंच राहत नव्हतं. या प्रकरणात पुढे जे काही झालं त्याचं बीज मला या एका तडजोडीत दिसतं. ती अगदी योग्य होती, तिच्याशिवाय बँडच झाला नसता. पण तिच्यामुळे घडी अशी बसली: गाणी एकाची, आवाज दुसरीचा, आणि दोघांना बांधणारा दुवा तिसरा, जो एकाचा भाऊ आणि दुसरीचा जोडीदार.

नाव त्यांनी प्राचीन ग्रीक शिल्पकलेवरच्या एका पुस्तकातून घेतलं. तरुण पुरुषांचे उभे, समोर बघणारे, संगमरवरी महाकाय पुतळे ग्रीक लोक घडवत, त्यांचं ते वर्णन. अल्बमचं नावही त्याच वर्णनाच्या कुळातलं आहे.

आवाज कसा बांधला होता

इथे जरा थांबायला हवं, कारण बँडचं सगळं कर्तृत्व इथे आहे.

ड्रम वाजवणारा कुणी नव्हता. मॉक्सम भावांचा नात्यातला भाऊ पीटर जॉइस इलेक्ट्रॉनिक्समधला जाणकार होता. त्याच्या मदतीने घरगुती यंत्रावर ठोके तयार करून ते कॅसेटवर उतरवले जात, आणि कार्यक्रमात ती कॅसेट चालू करून तिच्यावर वाजवायचं. हे ठोके खऱ्या ड्रमची नक्कल करत नाहीत. टिकटिक, खरखर, एखादा दबका धप्प, इतकंच. झांजांची सळसळ नाही, आणि झांजा नसल्या की वरच्या पट्टीतली सगळी हवा रिकामी राहते. पण कॅसेट कुणासाठी थांबत नाही. लय अंगात आली म्हणून जरा ओढून धरावी किंवा शेवटाकडे पळावं, ही सोय नाही. तिघांनाही त्या ठोक्यांच्या आतच राहावं लागे.

स्टुअर्ट रिकनबॅकर गिटार वाजवायचा आणि उजव्या हाताच्या तळव्याची कड ब्रिजपाशी, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे, तारांवर टेकवून ठेवायचा. स्वर उमटतो आणि लगेच विझतो, मागे गुंजन राहत नाही. रॉक गिटारचा सगळा रुबाब त्या लांबणाऱ्या गुंजनात असतो, आणि नेमकं तेच त्याने कापून टाकलं. उरली ती कोरडी, तुटक, जवळजवळ तालवाद्यासारखी गिटार. मग चाल कुठे गेली? ती फिलिपच्या बेसकडे गेली. हा बेस तळाशी बसून ठोके मोजत नाही. तो वरच्या स्वरांत चढतो, गिटारने सोडलेल्या फटीत शिरतो, कधी गाण्याची मुख्य सुरावट तोच सांगतो. हेडफोन लावून ऐकताना गिटारचा स्वर जिथे तुटतो नेमक्या तिथे बेसचा स्वर सुरू होताना ऐकू येतो. दोन भाऊ एकमेकांचं वाक्य पुरं करतात तसं ते चालतं, आणि ते खरोखरच दोन भाऊ होते.

काही गाण्यांत गिटारच्या जागी स्टुअर्टचा इलेक्ट्रिक ऑर्गन आहे. एका माणसाला दोन्ही एका वेळी वाजवता येत नाहीत, म्हणून मंचावर एकतर हे किंवा ते. या गरिबीतून गाण्यांचा पोत आपोआप बदलत राहतो आणि पंधरा गाण्यांच्या अल्बममध्ये एकसुरीपणा येत नाही.

या सगळ्यावर अ‍ॅलिसनचा आवाज. तिच्या गाण्यात कंप नाही, हुंकार नाही, ब्रिटिश गायक सर्रास ओढूनताणून आणतात ते अमेरिकी उच्चार नाहीत. बोलण्याच्या पट्टीतच ती गाते आणि शब्द जसे आहेत तसे समोर ठेवते. स्टुअर्टने त्या काळात तिच्या गाण्याचं वर्णन केलं होतं ते असं की ती बसथांब्यावर उभी राहून गावं तसं गाते, ती ‘गायिका’ नाही, गाणारी एक व्यक्ती आहे. आज हे वाक्य वाचताना लोकांना त्यात कौतुक दिसतं, आणि ते आहेही. पण ज्या माणसाला स्वतः गायचं होतं त्याच्या तोंडी ते वाक्य आहे, हे विसरता कामा नये. आपल्याच बँडमधल्या गायिकेला ‘गायिका नाही’ म्हणणं तिच्या कानाला कसं लागलं असेल, याचा विचार मला प्रत्येक वेळी होतो.

बरीचशी गाणी स्टुअर्टच्या स्वतःच्या तुटलेल्या नात्यावरची आहेत. पुरुषाने लिहिलेली दुखरी वाक्यं एक बाई अजिबात न रडता म्हणते. त्यामुळे गाण्यातला रडवेपणा निघून जातो आणि दुःख तेवढं राहतं. स्टुअर्ट स्वतः गायला असता तर ही गाणी चांगल्या ब्रेकअप गाण्यांपलीकडे गेली नसती, असं मला ठामपणे वाटतं. फिलिपच्या अटीने बँडला सर्वात मोठी देणगी दिली ती ही.

दोन गाण्यांवर मिळालेला अल्बम

१९७९ मध्ये कार्डिफच्या बँडनी मिळून ‘इज द वॉर ओव्हर?’ नावाचं एक संकलन स्थानिक झेड ब्लॉक लेबलवर काढलं. आपल्या शहरात कंपनी नसेल तर आपणच रेकॉर्ड काढू, हा त्या काळाचा उत्साह. त्यात यंग मार्बल जायंट्सची दोन गाणी होती. ती लंडनला रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक जेफ ट्रॅव्हिस याच्या कानी पडली आणि तेवढ्या दोन गाण्यांच्या जोरावर कंपनीने त्यांना जवळ केलं.

रफ ट्रेड ही कंपनी या प्रकरणात महत्त्वाची आहे, कारण तिच्यावर ठपका ठेवता येत नाही. १९७६ मध्ये पश्चिम लंडनमधलं एक रेकॉर्डचं दुकान म्हणून ती सुरू झाली आणि १९७८ पासून स्वतःच्या रेकॉर्ड काढू लागली. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, आणि पाच-सात अल्बमांसाठी बांधून घेणारे करार नाहीत, अशी तिथली रीत होती. कलाकाराच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं काय असणार? तरी या चांगुलपणाची एक दुसरी बाजू आहे. मोठ्या कंपनीचा करार गळ्यात असता तर तिघं भांडून वेगळे होण्याआधी कुणीतरी त्यांना एका खोलीत बसवलं असतं. पैसे गुंतलेले असले की सहा महिने सुट्टी घ्या, मग बोलू, असं सांगणारं कुणीतरी असतं. इथे दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं.

अल्बम ध्वनिमुद्रित झाला तो लंडनमध्ये नाही, तर मध्य वेल्समध्ये, वेल्शपूलजवळच्या फोएल स्टुडिओत. मेंढ्यांच्या कुरणांत असलेला हा स्टुडिओ डेव्ह अँडरसनचा. तो आधी आमोन ड्यूल टू आणि हॉकविंड या बँडमध्ये बेस वाजवायचा, म्हणजे लांबच लांब, भरगच्च, घुमणाऱ्या संगीतातला माणूस. त्याच्या स्टुडिओत इतकं सडसडीत काहीतरी तयार व्हावं याची मला मौज वाटते. पाच दिवस लागले आणि खर्च आला सुमारे १,००० पौंड.

पाच दिवसांत पंधरा गाणी होतात ती एकाच कारणाने: सगळं आधीच ठरलेलं असतं. ही गाणी कार्डिफमध्ये घोटून तयार होती. स्टुडिओत जायचं, वाजवायचं, पुढच्या गाण्याकडे वळायचं. वरून थर चढवण्याचं काम नाममात्र झालं. मला वाटतं, या प्रकरणातला सर्वात भाग्याचा योग हाच आहे. पाच दिवसांऐवजी पाच आठवडे आणि खिशात दहापट पैसे असते, तर कुणाच्या तरी मनात आलं असतंच की इथे खरे ड्रम टाकून बघू, इथे आवाजाला जरा प्रतिध्वनी देऊ, इथे मागे एखादं कोरस. प्रत्येक सूचना एकेकटी वाजवी ठरली असती आणि सगळ्या मिळून अल्बम बुडवला असता. स्टुअर्टचा हट्ट आणि पैशांची चणचण यांनी मिळून ती मोकळी जागा राखली.

मुखपृष्ठावर काळ्या पार्श्वभूमीवर तिघांचे अर्धे उजळलेले चेहरे आहेत. १९६३ मधल्या बीटल्सच्या दुसऱ्या अल्बमची सरळ आठवण होते. कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

शेवटचा दिवस

१९८० च्या मध्यावर त्यांची एक छोटी रेकॉर्ड आली, ‘फायनल डे’. मुख्य गाणं दोन मिनिटांचंही नाही. अणुयुद्धाच्या दिवशी काय होतं, एवढंच त्यात सांगितलं आहे, तेही कुणी हवामानाचा अंदाज वाचावा इतक्या शांतपणे. गाणंभर मागे एक बारीक, उंच, न तुटणारा स्वर चालू राहतो. तंबोरा मागे असला की गाणाऱ्याला आधार असतो. हा स्वर कुणालाच आधार देत नाही. तो फक्त असतो, आणि गाणं जसजसं पुढे जातं तसतसा तोच मुख्य वाटू लागतो.

हे गाणं हवेतून आलं नव्हतं. डिसेंबर १९७९ मध्ये नाटोने पश्चिम युरोपात नवी अमेरिकी अण्वस्त्रं ठेवायचं ठरवलं होतं. मे १९८० मध्ये ब्रिटिश सरकारने ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका विक्रीला काढली. घरातले दरवाजे बिजागऱ्यांवरून काढून भिंतीला तिरके टेकवा, त्यावर मातीची पोती रचा, आत चौदा दिवसांचं अन्नपाणी ठेवा, खिडक्यांच्या काचांना पांढरा रंग द्या, असे सल्ले त्यात होते. सरकारी भाषेचा तो थंडपणा आणि अ‍ॅलिसनच्या आवाजाचा थंडपणा शेजारी ठेवून बघा. पुस्तिकेची भाषा भीती झाकते. अ‍ॅलिसन भीतीबद्दल अवाक्षरही न काढता ती पुरती समोर ठेवते. अण्वस्त्रविरोधी गाणी त्या दशकात खूप झाली, मोठमोठ्या बँडनी केली, घोषणा देत केली. त्यातली बरीच आज ऐकवत नाहीत. हे ऐकवतं.

कार्डिफचा या गोष्टीशी आणखी एक संबंध पुढच्याच वर्षी आला. २७ ऑगस्ट १९८१ ला ३६ स्त्रिया कार्डिफहून पायी निघाल्या आणि ५ सप्टेंबरला बर्कशरमधल्या ग्रीनहॅम कॉमन हवाई तळावर पोचल्या. तिथे उभा राहिलेला स्त्रियांचा शांतता तळ पुढे २००० सालापर्यंत टिकला. गाण्याने मोर्चा काढला असं कुणी म्हणू नये. पण ज्या शहरातून ते गाणं आलं तिथल्या लोकांच्या मनात काय चाललं होतं, हे यावरून कळतं. तोवर बँड मात्र उरलेला नव्हता.

वर्षभराचा वेग

अल्बम फेब्रुवारीत. मग ब्रिटनमध्ये कार्यक्रम, युरोपात कार्यक्रम. मध्ये ‘फायनल डे’. ऑगस्टमध्ये जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रण. शरद ऋतूत अमेरिका आणि कॅनडा. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हुर्रा क्लबमधला कार्यक्रम कॅमेऱ्यावर टिपला गेला आणि २००४ मध्ये डीव्हीडीवर आला. तिघं मंचावर जवळजवळ न हलता उभी असतात. अ‍ॅलिसन साध्या कपड्यांत माइकपाशी, दोन्ही भाऊ वाद्यांत मान घालून. एकमेकांकडे बघणं अगदी क्वचित.

इतकं हळू वाजवणाऱ्या बँडला क्लबमध्ये काय सोसावं लागत असेल याची कल्पना करावी. समोर बिअर पिणारी, नाचायला आलेली, गप्पा मारणारी माणसं. इतर बँड आवाज वाढवून गर्दीला गप्प करतात. इथे आवाज वाढवला की गाणंच संपतं. ड्रमर नाही, म्हणजे वातावरण तापलं तर त्यावर स्वार होता येत नाही. कॅसेट आपल्या गतीने चालत राहते. स्टुडिओत जी बंधनं वरदान ठरली होती ती मंचावर रोज रात्री जाचत असणार.

त्यात तिघंही अबोल. नंतरच्या काळात स्टुअर्टने मुलाखतींतून स्वतःच्या हट्टीपणाबद्दल आणि आपसात न बोलण्याबद्दल मोकळेपणाने सांगितलं आहे. मनात साचलेलं बोलून टाकायची सवय कुणालाच नव्हती. आता आधीची घडी आठवा. आपली गाणी आपल्या तोंडून म्हणता येत नाहीत, ही सल स्टुअर्टला. आपण दुसऱ्याचे शब्द म्हणणारा आवाज आहोत, आणि तो दुसरा आपल्याला गायिका मानत नाही, हे अ‍ॅलिसनला. आणि मध्ये फिलिप, ज्याने एकाची बाजू घेतली की दुसरी बाजू दुखावणार. व्हॅनमध्ये, विमानात, छोट्या हॉटेलांत हे तिघं महिनोन् महिने एकत्र. संगीतात प्रत्येकाला मोकळी जागा होती. बँडमध्ये ती कुणालाच नव्हती.

आणखी एक बाब आहे, ती रोकड्याची. अल्बमवरच्या बहुतेक गाण्यांखाली लेखक म्हणून स्टुअर्टचं नाव आहे. या धंद्यात रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा वाजवणाऱ्या सगळ्यांना मिळतो, पण गाणं रचल्याचं मानधन वेगळं असतं आणि ते फक्त ज्याचं नाव लेखक म्हणून लागलं त्याला जातं. रेडिओवर गाणं वाजलं, दुसऱ्या कुणी ते गायलं, की ते पैसे लेखकाचे. गाणी स्टुअर्टची होती, यात वाद नाही. पण या बँडच्या गाण्यातून फिलिपचा बेस काढून बघा, काय उरतं? अनेक बँड हा पेच ओळखून सगळी गाणी सगळ्यांच्या नावावर लावतात. त्याने प्रेम वाढत नाही, पण खाली मान घालून वाजवणाऱ्याला आपण भाडोत्री नाही एवढं तरी वाटतं. अशा काही व्यवस्थेने या बँडला आणखी दोन वर्षं तरी मिळाली असती, असं माझं मत आहे.

१९८१ मध्ये, बँड संपल्यावर, ‘टेस्टकार्ड’ नावाची सहा तुकड्यांची रेकॉर्ड आली. दिवसा टीव्हीवर कार्यक्रम नसताना पडद्यावर जे स्थिर चित्र दिसायचं आणि त्यामागे जे निरुपद्रवी संगीत वाजत राहायचं, त्याला वाहिलेली ही रचना. सगळे तुकडे वाद्यांचे. आवाज कुठेच नाही.

तिघं पुढे कुठे गेली

अ‍ॅलिसनने सायमन बूथ आणि स्पाइक यांच्याबरोबर वीकेंड हा बँड काढला. १९८२ चा त्यांचा अल्बम जॅझ आणि ब्राझिलियन बोसा नोव्हाच्या उन्हातला आहे, त्यात तिचा आवाज मोकळा झालेला ऐकू येतो. बसथांब्यावर गाणाऱ्या बाईला किती काय येत होतं, हे तिथे कळतं. बूथने पुढे वर्किंग वीक हा बँड काढला. अ‍ॅलिसनने काही वर्षांनी कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे हातांनी मणक्यावर उपचार करण्याचं, शिक्षण घेतलं आणि तो व्यवसाय केला, मधूनमधून गाणंही चालू ठेवलं. स्टुअर्टने द जिस्ट या नावाने काम केलं, मोटरसायकलच्या गंभीर अपघातातून उठून अल्बम पुरा केला. त्याच्या एका गाण्याचं फ्रेंच गायक एतिएन दाओने फ्रेंचमध्ये रूप केलं आणि ते फ्रान्समध्ये लोकांना आवडलं. मधल्या काळात स्टुअर्टने अ‍ॅनिमेशनपटांसाठी चित्रं रंगवण्याचं कामही केलं. फिलिप दोघांच्याही नव्या बँडमध्ये वाजवून गेला, हे मला त्याच्या स्वभावाला धरून वाटतं.

मग १९९० च्या दशकात, कुणी ठरवलेलं नसताना, अल्बमचं दुसरं आयुष्य सुरू झालं. निर्वाणा या अमेरिकी बँडच्या कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बमांच्या हाताने लिहिलेल्या यादीत ‘कलॉसल यूथ’ घातला होता. होल या बँडने १९९४ च्या अल्बममध्ये त्यातलं ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ घेतलं. हा अल्बम अमेरिकेत दहा लाखांवर खपला. होलची गायिका कोर्टनी लव्ह ते गाणं फाडून काढल्यासारखं गाते, मूळ गाण्याच्या अगदी उलट, आणि तरी सांगाडा तोच राहतो. गाणं किती पक्कं बांधलेलं होतं याचा हा पुरावा. गॅलक्सी ५०० आणि बेल अँड सेबॅस्टियन या बँडनी ‘फायनल डे’ गायलं.

मे २००७ मध्ये वेल्समधल्याच हे-ऑन-वायच्या साहित्य महोत्सवात तिघं पुन्हा एकत्र वाजवायला उभी राहिली. या वेळी कॅसेटऐवजी तिसरा मॉक्सम भाऊ अँड्र्यू ठोके धरायला होता. त्याच वर्षी डॉमिनो कंपनीने सगळी ध्वनिमुद्रणं एकत्र करून पुन्हा काढली, आणि २०२० मध्ये चाळीस वर्षं झाल्यानिमित्त परत एकदा. अधूनमधून कार्यक्रम होत राहिले. ऑगस्ट २०१५ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, संगीतकार डेव्हिड बर्नने आखलेल्या मेल्टडाउन महोत्सवात, त्यांनी शेवटचं वाजवलं.

या बँडबद्दल लिहिणारे बरेच जण म्हणतात, एकाच अल्बमवर थांबले तेच बरं झालं, दुसरा आला असता तर पहिल्याची जादू गेली असती. मला हे मुळीच पटत नाही. हा विचार ऐकणाऱ्याच्या सोयीचा आहे. ‘फायनल डे’ अल्बमनंतरचं आहे आणि अल्बमवरच्या बहुतेक गाण्यांपेक्षा पुढे गेलेलं आहे. वीकेंडमध्ये अ‍ॅलिसनने जे केलं त्याला या बँडमध्ये दोन-चार गाण्यांची जागा मिळाली असती तर काय झालं असतं? फिलिपने चाली रचायला घेतल्या असत्या तर? त्यांच्याकडचं संपलेलं नव्हतं. त्यांच्यातलं बोलणं संपलं होतं, आणि त्यामुळे आपल्याला ऐकायला मिळायला हवं होतं असं बरंच काही झालं नाही. ते नुकसान आहे आणि त्याला नुकसानच म्हणावं.

ज्यांनी यांना कधीच ऐकलेलं नाही त्यांनी आधी ‘फायनल डे’ ऐकावं, रात्री, हेडफोनवर, आवाज कमी ठेवून. मग ‘कलॉसल यूथ’ पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सलग, चाळीस मिनिटांच्या आतलं काम आहे. पहिल्या वेळी अ‍ॅलिसनकडेच लक्ष जाईल. दुसऱ्या वेळी तिला जरा बाजूला ठेवून फक्त बेस ऐका. त्यानंतर वीकेंडचा १९८२ चा अल्बम लावा, आणि होलचं गाणं सगळ्यात शेवटी.